सुतळी

करुणाच्या पिशवीत एक सुतळी असते.
पहिली गाठ कपाटाची,
माहेरचं लोखंडी कपाट, आरसा तडकलेला.
दुसरी गाठ दिवाणाची.
तिसरी खिडकीची, कूलर बसेल एवढी.
मालक भाडं सांगत असतो
तेव्हा ती उकिडवी बसून भिंत मोजते.

डोंगरे काकांच्या पोराचं लग्न जमलं.
"नवतपा लागाच्या आत खोली खाली करून द्या बावा.
तसं तुमच्याशी आपलं काही नाही."
नऊ वर्षं राहिलो. खरंच काही नव्हतं.

मी कूलरवाला.
आर्वीतल्या अर्ध्या खिडक्या मला बाहेरून ठाऊक.
मार्च लागला की वाळा, जाळ्या, पंप, शिडी.
शिडीवरून लोकांची दुपार दिसते:
पंख्याखाली निजलेली म्हातारी,
परातीत वाळत घातलेली धने-मिरची,
भिंतीवर पोराच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा.
इतकी घरं पाहिलेला माणूस
दारातून विचारायला गेला
की जीभ टाळूला चिकटते.

आमची पोच अडीच हजारांची.
पंचवीसशे म्हटलं की जरा जास्त वाटतात.

जिनिंगच्या मागची खोली अठराशे.
उंबऱ्यावर रुई, भांड्यांवर रुई,
आणि गुंजनला आधीच दम लागतो.
मेडिकलच्या वरची साडेतीन, डिपॉझिट दहा,
सबमीटरचं युनिट बारा रुपये.
"कूलर चालवान का?" मालकानं विचारलं.
मला हसू आलं. त्याला नाही आलं.

तिसरी खोली चांगली होती.
दाराशी नळ, उत्तरेची खिडकी,
सुतळी तिन्ही गाठींना पुरली.
गुंडाळताना करुणा कोपऱ्याकडे पाहत होती.
गॅस तिथेच ठेवला तिनं, मनात,
मला दिसलं.

मग मालकांनी चष्मा पुसला.
"पूर्ण नाव काय म्हणालात?"
सांगितलं.
"आडनाव नाही समजलं."
पुन्हा सांगितलं. या वेळी मोठ्यानं.
"असं आहे, पुतण्या येऊन राहिला अमरावतीहून.
विसरलोच पहा मी."

मागच्या मंगळवारी यांच्याच कूलरची मोटर बदलली.
तेव्हा आडनाव लागलं नव्हतं.
"मोटर बरी चालते ना?"
करुणानं विचारलं, चपला घालता घालता.
ते हो म्हणाले. चांगली चालते म्हणाले.

परतताना गाडीवर तिघं, डांबर मऊ झालेलं.
मधोमध बसलेली गुंजन म्हणाली,
"बाबा, त्या पुतण्याले पण कूलर लागन ना?"
मी गिअर बदलला.

नांदणे बाईंची खोली चक्कीला लागून.
वर टिन. पाणी तीन दिवसांआड. दोन हजार.
"चक्की साताले सुरू होते, आठाले बंद.
आयतवारी आवाज नाही."
मी नाव सांगायला लागलो, पूर्ण,
आडनावापासूनच सुरुवात केली.
"नाव राहू द्या," बाई म्हणाल्या,
"पाच तारीख ध्यानात ठेवा. पाच म्हणजे पाच."

गुंजननं भिंतीला कान लावला.
"आई, हिच्या पोटात गुरगुरते."
हात पांढरा झाला तिचा, गालही.

कपाट बसेना.
चार बोटं कमी.
करुणानं दोनदा मोजलं, दुसऱ्यांदा ताणून,
जशी सुतळी काही मेहेरबानी करणार होती.
खिडकी तर वहीएवढी.
मी विचारलं, भिंत थोडी फोडू का, कूलरपुरती?
"फोडा ना," बाई म्हणाल्या,
"पण जाताना बुजवून द्या."

आम्ही अजून आलोही नव्हतो.

हजार रुपये ॲडव्हान्स दिले.
बाहेर बाभळीखाली उभं राहून
करुणानं पहिली गाठ दातांनी सोडवली.
वेळ लागला. पीठ बसलं होतं आत.
"आरसा तसाही तडकलेलाच होता," ती म्हणाली,
मला नाही, सुतळीला म्हणाल्यासारखी.

आता हिचं काय काम, मी म्हटलं, टाकून दे.

तिनं ती बोटांवर गुंडाळली
आणि पिशवीत, चाव्यांखाली,
ठेवून दिली.